वेतकाकांचा ओला रुमाल

आमच्या मजल्यावरच्या वेतकाकांचं अडुसष्टाव्या वर्षी बाहेर काहीतरी सुरू झालंय, ही बातमी मी उठवलेली नाही. आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या इमारतीत कुठेही काही खुट्ट झालं की माझ्याकडे बोट दाखवायची पद्धत आहे. बातमी तिसऱ्या मजल्यावरून निघाली. मी ती फक्त तळमजल्यापर्यंत नेली. वाटेत जिना असल्यामुळे पहिल्या मजल्यालाही कळली, त्याला माझा इलाज नाही.

पुरावे तर भक्कम होते. एरवी बाह्या फाटलेल्या सदऱ्यात दिवस काढणारा हा माणूस दर बुधवारी अकरा वाजता इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून निघायचा. बायकोला सांगायचा, "फिरून येतो." आणि खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून काय न्यायचा, तर ओला रुमाल. कोरडा रुमाल कोणीही नेतं. ओला कशाला लागतो, यावर तिसऱ्या मजल्यावर भाज्या निवडता निवडता तासभर चर्चा झाली आणि जे निष्कर्ष निघाले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. त्यात कोणीतरी त्यांना आमच्या गावच्या प्रसिद्ध लेखकाच्या घराच्या, म्हणजे आताच्या संग्रहालयाच्या, तिकीट खिडकीत वाकून बोलताना पाहिलं. झालं! खिडकीत बाई आहे, हे सगळ्यांनी आपापल्या मनाने ठरवून टाकलं. तिला चष्मा आहे, हे मी घातलं.

तर ते सगळं खोटं होतं. काकांची भानगड होती, पण ती एका खुर्चीशी.

काका खुर्च्या विणतात. आता कमी, पण तोच त्यांचा जन्माचा धंदा. लाकडी चौकटीला कडेने भोकं असतात, त्यांतून वेताच्या पट्ट्या ओवून जाळीची बैठक करायची. आधी उभ्या पट्ट्या, मग आडव्या, मग पुन्हा उभ्या, मग दोन्ही बाजूंनी तिरप्या. ओढून धरलेली पट्टी सैल पडू नये म्हणून दर भोकात एक लाकडी खुंटी ठोकायची, बोटाच्या पेराएवढी. दोन्ही हात गुंतलेले, मग खुंट्या ठेवणार कुठे? ओठांत. पंचेचाळीस वर्षं ओठांत खुंट्या धरल्यामुळे आता खुंट्या नसल्या तरी काका तोंड न उघडता बोलतात. चहा घेणार का विचारलं की "हं" येतं. ते "हो"चं आहे की "नको"चं, हे फक्त काकूंना कळतं. मी दातांच्या दवाखान्यात नंबर लावायचं काम करते. दिवसभर समोर उघडी तोंडं, आणि घरी यावं तर शेजारी हे असं शिवलेलं.

काकूंचं तसं नाही. भिंत एकच असल्यामुळे त्यांचं सगळं मला मुखपाठ आहे. त्यांची मुख्य तक्रार बादल्यांची. वेत विणायच्या आधी भिजत घालावा लागतो, आणि तो घरातल्या बादलीतच घातला जातो.

"लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली," काकू म्हणतात, "पण बादली मला एकदाही रिकामी मिळाली नाही. नवी नवरी आंघोळीला गेले तर आत वेटोळं! साप म्हणून अशी किंचाळले की सासूबाई पळत आल्या. आणि हे काय म्हणाले असतील? 'हळू, वेत दचकेल.'"

दुसरी गोष्ट त्या प्रत्येक नव्या पाहुण्याला ऐकवतात. लग्नाला महिना झाला होता तेव्हा काका लेखकाच्या घरी कामाला गेले होते आणि काकू त्यांचा डबा घेऊन गेल्या होत्या.

"मी त्यांना प्रत्यक्ष पाहिलंय. नवं कोरं निळं नेसले होते. दारात उभी राहिले, तर ते स्वतः म्हणाले, 'दारात का उभ्या? आत या.' एवढंच. पण काय आवाज!"

या ठिकाणी काका हमखास खोकतात. मला वाटायचं, एखादी जुनी खुंटी अडकली असेल.

तर बातमी ऐन रंगात आली असताना एक बुधवार आला. बुधवारी आमचा दवाखाना बंद असतो. मी म्हटलं, आपण उगाच लोकांच्या सांगण्यावर का विश्वास ठेवावा? स्वतः बघावं. दहा पावलांचं अंतर ठेवून मी काकांच्या मागे निघाले.

लेखकाचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. लेखक जाऊन चौतीस वर्षं झाली. घर बरेच दिवस कुलपात होतं, सहा वर्षांपूर्वी त्याचं संग्रहालय झालं. मी इथे जन्म काढला, पण कधी आत गेले नव्हते. बाहेरगावचे लोक येतात, आपण भाजी घ्यायला त्याच्या दारावरून जातो, तसंच. साठीच्या पुढच्या लोकांना बुधवारी तिकीट माफ असतं, हेही मला तिथे गेल्यावर कळलं आणि इस्त्रीच्या शर्टाच्या बुधवारचं कोडं तिथल्या तिथे सुटलं. खिडकीतल्या 'बाई'ला भरघोस मिशा होत्या आणि कानाला यंत्र होतं. म्हणून काका वाकून बोलायचे. माझ्या दोन महिन्यांच्या मेहनतीवर पाणी पडलं.

बुटांवर चढवायला कापडी पिशव्या देतात, त्या चढवून मी आत शिरले. खाली लेखकाचे तीन चष्मे, एक काठी, दौत. दाढीचा ब्रशसुद्धा काचेच्या पेटीत, खाली दिवा लावून. आमच्या ह्यांचा ब्रश मी दोनदा कचऱ्यात टाकलाय. पुढेमागे हे प्रसिद्ध झाले तर माझी पंचाईत आहे.

वरच्या मजल्यावर लिहिण्याची खोली. खिडकीशी टेबल, टेबलापुढे खुर्ची, आणि खुर्चीभोवती लाल दोरी. पाटीवर लिहिलं होतं: 'लेखकाची आवडती खुर्ची. चाहत्याने परदेशातून आणून भेट दिली. परदेशी कारागिरीचा उत्कृष्ट नमुना.' उत्कृष्ट नमुन्याची बैठक मात्र मधोमध पोटासारखी खाली आली होती.

काका खोलीत एकटे होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, स्वतःचा चष्मा काढला आणि जमिनीवर टाकला. पडला नाही, नीट बघून टाकला. मग तो उचलायला म्हणून गुडघे टेकले, दोरीखालून एक हात आत घातला, आणि पिशवीतला तो प्रसिद्ध ओला रुमाल खुर्चीच्या पोटाला खालून लावून बसले. आजारी माणसाच्या कपाळावर पट्टी ठेवावी तसे. डोळे मिटलेले.

"काका!" मी म्हटलं.

डोळे उघडले. हात मात्र काढला नाही.

"छापखाना," काका दातांतून म्हणाले. मला ते छापखाना म्हणतात. "आवाज नको. अजून दोन मिनिटं."

दोन मिनिटं मिळाली नाहीत. जिन्यावर किल्ल्या वाजल्या आणि संग्रहालयाच्या व्यवस्थापक बाई वर आल्या. पस्तिशीच्या असतील, गळ्यात किल्ल्यांचा जुडगा, चेहरा दमलेला पण बोलणं गोड.

"आजोबा, आज चष्मा पडला का? गेल्या बुधवारी पेन पडलं होतं. त्याआधी चिल्लर."

"हं," काका म्हणाले.

"हे बघा, मी तुम्हाला काही बोलत नाही, कारण तुम्ही घेत काही नाही. पण वस्तूंना हात लावायचा नाही म्हणजे नाही. पुन्हा दिसलं तर मला तुमचं येणं बंद करावं लागेल." मग त्यांनाच वाईट वाटलं असावं. "आणि आता त्या खुर्चीची काळजी करू नका. जन्मशताब्दीचा कार्यक्रम आहे ना, मोठे पाहुणे येणार. ही लोंबलेली बैठक कापून टाकणार आहोत. यंत्रावर विणलेली तयार जाळी मिळते, तीच बसवायची. पुढच्या बुधवारी फर्निचरवाला येतोय."

काका उठले. मी हात द्यायला गेले तर तो घेतला. काकांनी कधी कोणाचा हात घेतलेला मी पाहिला नव्हता.

समोरच्या बागेत बाकावर बसून त्यांनी रुमाल पिळला. मग बराच वेळ त्या थेंबांकडे बघत राहिले. मी गप्प बसले. हे माझ्याबद्दल कोणी खरं मानणार नाही, पण मी गप्प बसले.

"माझी आहे ती," काका म्हणाले.

"काय?"

"बैठक. लाकूड परदेशी असेल. आलं तेव्हा मधे हे एवढं भोक होतं, डोकं जाईल एवढं. मला शिकवणाऱ्या वस्तादांना बोलावणं आलं, ते आजारी होते. मला म्हणाले, तू जा. माझं एकट्याचं पहिलं काम."

आणि मग, तोंड जेमतेम उघडत, एवढी वर्षं साठवलेलं सगळं बाहेर आलं. लेखक अकरा वर्षं त्या बैठकीवर बसले. दर वर्षी उन्हाळा संपला की लेखकाची बायको काकांना बोलवायची. काका खुर्ची उलटी करून खालून ओलं फडकं लावायचे, सावलीत वाळवायचे, बैठक पुन्हा ताणून यायची. वेताची वरची बाजू गुळगुळीत, तिच्यात पाणी शिरत नाही. प्यायची ती पोटाच्या बाजूने. लेखक गेले, घर बंद झालं आणि चौतीस वर्षं तिला कोणी पाणी पाजलं नाही. दोन महिन्यांपूर्वी शताब्दीच्या बातमीत वर्तमानपत्रात खुर्चीचा फोटो आला. काकांनी तो पाहिला, आणि फोटोत आधी काय पाहिलं? लोंबलेलं पोट.

"रुमालाने काय होणार?" मी विचारलं.

"काही नाही. तुटायचं थोडं लांबतं." ते थांबले. "छापखाना, मी बाराशेच्या वर खुर्च्या विणल्या. आता कुठे आहेत? वेत फाटला की लोक प्लॅस्टिकची वायर भरतात, नाहीतर फळी ठोकतात. तुझ्या दवाखान्यात वायर मीच भरली."

"हो ना. छान झालीय."

"छान," काका म्हणाले, आणि बागेत थुंकले. "बाराशेतली ही एक राहिलीय. तीही बुधवारी जाणार."

"मग सांगा की त्या बाईंना! मी विणली म्हणून सांगा. एक टॉवेल आणि एक दिवस मागा."

"पाटीवर परदेशी लिहिलंय. मी कोण? चष्मा पाडणारा म्हातारा."

"काही खूण नाही का? शिंपी नाही का आतून एक टाका घालत?"

काकांनी पिळलेला रुमाल पुन्हा पिळला. कान मात्र लाल झाले.

"आहे," ते म्हणाले. "एक चूक आहे."

मागच्या डाव्या पायाजवळ जाळीच्या तीन घरांत तिरपी पट्टी उलटी गेली होती. जिथे खालून जायला हवी तिथे वरून. शिकाऊ पोरगाही करणार नाही अशी चूक. बैठक पुरी झाली, वाळली, आणि मग दिसली.

"मग तेव्हाच उसवायची ना!"

"उसवायला बसणार, तेवढ्यात साहेब आले आणि बसले. 'वा' म्हणाले. बसलेल्या माणसाला उठा म्हणू?"

मला हसू आवरेना. काकांना अजिबात हसू येत नव्हतं.

"वस्तादांना कळलं नाही. घरीही कोणाला माहीत नाही. घरी मी काय सांगत आलोय? माझ्या विणीत चूक दाखवा आणि खुर्ची फुकट न्या. आता चूक दाखवून कारागीर म्हणवून घेऊ?" मग माझ्याकडे रोखून पाहिलं. "आणि हिच्या कानावर जाता कामा नये. चुकीचं तर नाहीच. शपथ घे."

मी शपथ घेतली. घेतली तेव्हा मला तिची किंमत माहीत नव्हती.

पुढचे सात दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. जिन्यात कोणी भेटलं की मी चप्पल शोधायचं नाटक करायचे. छातीत जळजळ सुरू झाली. आमचे हे म्हणाले, "तुला बरं नाही का? दोन दिवस झाले, कोणाबद्दल काही सांगितलं नाहीस." ह्यांना मी सांगितलं, पण ह्यांना सांगणं म्हणजे उशीला सांगणं.

त्यात मंगळवारी काकू दारात उभ्या राहिल्या. हात कमरेवर.

"तुला माहीत होतं?"

"काय काकू?"

"पहिल्या मजल्यावरची सांगत होती. तिकीट खिडकीत कोण बसते म्हणे. चष्मा आहे म्हणे तिला." मी घातलेला चष्मा असा माझ्याच दारात परत आला. "या वयात! इस्त्री मी करून देते गं त्या शर्टाला!"

"काकू, तसं काही नाही हो. देवाशपथ."

"मग कसं आहे?"

कसं आहे ते माझ्या जिभेच्या टोकावर होतं. मी जीभ चावली, खरोखरची. अजून व्रण आहे, आमच्या डॉक्टरांनी पाहिलाय.

"उद्या मी जाणार त्यांच्याबरोबर," काकू म्हणाल्या. "तू पण चल. साक्षीला."

बुधवारी आम्ही तिघं निघालो. काका पुढे, मधे काकू, मागे मी. काकांनी बायकोला 'कुठे, कशाला' काही विचारलं नाही. त्यांचं कशातच लक्ष नव्हतं. तिकीट खिडकीपाशी काकू थांबल्या, वाकल्या आणि आतल्या मिशांकडे टक लावून पाहिलं.

"इथे कोण बाई बसते?"

"अं?" मिशा म्हणाल्या.

"बाई! बाई कोण बसते?"

"सहा वर्षं मीच बसतोय हो इथे," मिशा म्हणाल्या. "बाईची जागा मंजूर नाही."

काकूंनी वळून माझ्याकडे असं पाहिलं की मी लेखकाच्या दाढीच्या ब्रशाचं बारकाईने निरीक्षण करायला गेले. तेवढ्यात काका जिना चढून वर गेलेसुद्धा, बुटांवर पिशव्या न चढवता. आम्ही मागोमाग.

लाल दोरी काढून ठेवली होती. लेखकाच्या टेबलावर जुनी चादर पसरली होती आणि तिच्यावर खुर्ची उलटी, पाय वर. बाजूला भिंतीला टेकून तयार जाळीची गुंडाळी. फर्निचरवाला हातात पात्याची सुरी घेऊन कुठून सुरुवात करायची ते बघत होता आणि व्यवस्थापक बाई हातातल्या कागदावर खुणा करत होत्या. सुरी चौकटीच्या कडेला टेकली.

"थांबा!"

मला वाटलं, रस्त्यावरून कोणी ओरडलं. काकूही मागे वळून बघायला लागल्या. एवढा आवाज काकांचा असेल हे आम्हा दोघींच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांचं तोंड पुरतं उघडलेलं होतं. खालचे दोन दात नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं, आणि मी दातांच्या दवाखान्यात काम करते.

"आजोबा," बाई म्हणाल्या, "मी सांगितलं होतं ना..."

"ती बैठक मी विणलीय. कापू नका. ती मेलेली नाही, तहानलीय. मला एक टॉवेल, एक बादली आणि उद्या सकाळपर्यंत वेळ द्या."

फर्निचरवाल्याने सुरी खाली घेतली. भला माणूस होता. म्हणाला, "बाई, मला काय, काप म्हणाल तर कापतो. पण आधी तुमचं ठरवा."

"काका, पाटीवर तर परदेशी कारागीर लिहिलंय," बाई म्हणाल्या. आजोबांचे काका झाले होते. "वरच्या लोकांना मी काय सांगू? तुम्हीच विणलीत हे कशावरून?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग काकूंकडे. काकूंच्या चेहऱ्यावर शुद्ध गोंधळ होता. बिचाऱ्या एका बाईला शोधायला आल्या होत्या आणि इथे खुर्ची निघाली होती.

"मागचा डावा पाय," काका म्हणाले. आवाज आता पुन्हा खाली गेला होता. "त्याच्याजवळची तीन घरं. तिथे तिरपी पट्टी उलटी गेलीय. बाकी सगळी जाळी शोधा. दुसरीकडे कुठे अशी सापडली तर मी माझ्या हाताने कापतो."

फर्निचरवाल्याने मोबाइलचा दिवा लावला. बोट ठेवून घरं मोजली. एकदा, मग दुसऱ्यांदा. मग सगळ्या जाळीवरून दिवा फिरवला.

"आहे," तो म्हणाला. "तीनच घरं. बाकी काम मात्र... असं काम आता कोणी करत नाही, बाई."

व्यवस्थापक बाईंनी फोन लावला, बाहेर जाऊन बोलल्या, आत आल्या. "मोडली तर?"

"मोडली तर उद्या कापा," काका म्हणाले. "आज कापलीत तर उद्या माझ्याकडे काही उरत नाही."

बाईंनी क्षणभर विचार केला आणि बादली आणायला स्वतः गेल्या. त्या क्षणापासून मी त्यांच्याबद्दल कुठेही वाकडं बोलत नाही.

ओला टॉवेल खुर्चीच्या पोटावर पसरला. काका शेजारी स्टुलावर बसले आणि तासाभराने टॉवेल काढून, खुर्ची उन्हाच्या खिडकीपासून लांब, भिंतीच्या सावलीत ठेवली. भिंतीला कान लावला तरी त्या दिवशी पलीकडून काही आलं नाही. काकू गप्प म्हणजे काळजी करण्यासारखं.

गुरुवारी मी दवाखान्यात फोन करून दाढ दुखते म्हणून सांगितलं. डॉक्टर म्हणाले, मग घरी कशाला, इकडेच या. तो घोळ वेगळा. पण मी नऊ वाजता लेखकाच्या घरी हजर होते.

पोट वर गेलं होतं. बैठक सपाट, ताठ. काकांनी मधल्या बोटाने तिच्यावर टिचकी मारली आणि टणक, भरीव आवाज आला. बाईंनी मारून पाहिली, फर्निचरवाल्याने मारून पाहिली, खालून मिशा आल्या त्यांनी मारली आणि आपल्या यंत्राला हात लावून म्हणाल्या, "ऐकू आलं!"

सात पट्ट्या मात्र तुटलेल्या होत्या. त्या बदलायला काका तीन दिवस बसले. रीतसर, दोरीच्या आत, घरून बादलीत भिजवून आणलेला वेत घेऊन. लोक चष्मे, काठी बघून वर यायचे आणि काकांपाशीच खिळायचे. एका गृहस्थांनी विचारलं, "लेखक कसे होते हो?" काका म्हणाले, "वजन डाव्या अंगावर टाकायचे." गृहस्थांनी ते वहीत लिहून घेतलं. पाटी बदलायची बाईंनी मनावर घेतलंय. बैठक इथेच विणली गेली असं नव्या पाटीवर येणार, कागद वर गेलाय.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी पोचले तेव्हा काका शेवटची पट्टी ओवत होते. ओठांत चार खुंट्या. आणि दारात काकू उभ्या होत्या, हातात डबा. बुधवारपासून त्यांनी चुकीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. आता डबा टेबलावर ठेवला, पदर खोचला, गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या आणि मागच्या डाव्या पायाजवळची तीन घरं नीट बघून घेतली.

"हीच का ती?" त्या म्हणाल्या. "पंचेचाळीस वर्षं मला ऐकवताय, माझ्या विणीत चूक दाखवा. आणि पहिल्याच कामात ही अशी? सगळी लोकं बघणार आता. हातासरशी तेवढी सरळ करून टाका."

"हं," काका म्हणाले. हे नकाराचं होतं. मलाही कळलं.

"हं काय? अहो, एवढं मोठं काम, वस्तादांनी विश्वासाने पाठवलेलं. लक्ष कुठे होतं तुमचं?"

काकांनी पट्टी ताणली, भोकात खुंटी ठोकली. मग ओठांतल्या उरलेल्या तिन्ही खुंट्या एकेक करून काढल्या, तळहातावर ठेवल्या आणि काकूंकडे पाहिलं.

"डबा घेऊन दारात कोण उभं होतं, ते आधी सांग."